गरुडाला मॅच कळते का?

"ताई, 88 हजार माणसं! आणि गाव केवढं? 76 हजारांचं. अख्खं गाव तान्ह्या बाळांसकट मैदानात नेऊन बसवलं तरी खुर्च्या उरतील."

वहिनी अलाबामाहून परतल्यापासून आमच्या कुंपणाला नवा विषय मिळालाय. कुंपण मेंदीचं, कमरेएवढं. त्याला कुत्री अडतात, गप्पा अडत नाहीत. आधी वॉलमार्ट झालं. मग लेकीच्या भाड्याच्या घरातला तो अलार्म झाला, फोडणी दिली की बोंबलणारा. लेक ऑबर्न युनिव्हर्सिटीत पीएचडी करते आहे, हे तर गल्लीत दूधवाल्यालाही पाठ झालंय. काल संध्याकाळी मी कढीपत्ता तोडायला गेले आणि फुटबॉलमध्ये सापडले.

"फुटबॉल म्हणजे आपला नाही हो. तो हातात धरून पळतात तो. मला काही कळलं नाही. दोन मिनिटं खेळतात आणि पाच मिनिटं उभे राहतात. पण मी मॅचसाठी गेलेच नव्हते. मी गरुडासाठी गेले होते."

"गरुड? मैदानात?"

"तेच तर सांगतेय! मॅच सुरू व्हायच्या थोडं आधी वरच्या मजल्यावर एक पोरगा उभा, हातात जाड चामड्याचा मोजा, त्यावर ही बसलेली. ही म्हणजे ऑरिया. मादी आहे. गरुडांत बाईच मोठी असते बरं का, नर लहानखुरा. तर त्यानं हात पुढे केला आणि ती सुटली. पंख इकडून तिकडे सहा-सात फूट. आणि सगळे 88 हजार उभे राहून एकच सूर धरतात, 'वॉऽऽऽऽऽर'. ती वर फिरतेय तोवर सूर सोडायचा नाही. खाली मैदानाच्या मधोमध एक मुलगी उभी असते, तिच्यापाशी उतरली की मग 'ईगल, हे!' माझा तर दमच संपला."

"तुम्ही पण ओरडलात?"

"मग! 250 डॉलरचं तिकीट."

व्हरांड्यात नाना पेपर वाचत होते. वहिनींचे सासरे, इतिहासाचे मास्तर, रिटायर होऊन जमाना झाला. पण चुकीची सनावळी कानावर पडली की पेपर खाली येतोच. आता पेपर वरच होता, फक्त मागून आवाज आला. "टीमचं नाव ईगल्स का?"

"नाही नाना. टायगर्स."

"वाघ?"

"हो. टीमचं नाव वाघ, वाघाचे कपडे घातलेला एक माणूसही नाचत असतो, ऑबी म्हणून. पण आरोळी मात्र गरुडाची, 'वॉर ईगल'. आणि जिवंत पाळलेला तोही गरुड."

"आणि गरुडाचं नाव?"

"हिचं ऑरिया. पण आधी टायगर नावाचे गरुडही होऊन गेले."

पेपर खाली आला.

मला खरं तर कढीपत्ता तोडून आत जायचं होतं, आमटी उतू गेली असती. पण वाघाच्या टीमच्या गरुडाचं नाव वाघ, ही गोष्ट अर्धी टाकून कोण जाणार. आणि वहिनींनी ती रंगवायला घेतली. म्हणे अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 साली व्हर्जिनियात वाइल्डरनेसची लढाई झाली. त्यात एक ऑबर्नचा पोरगा जखमी होऊन पडला. शुद्धीवर आला तर शेजारी गरुडाचं जखमी पिल्लू. दोघं एकमेकांच्या आधारानं जगले. पोरगा पुढे ऑबर्नलाच मास्तर झाला, गरुड त्याच्यापाशीच. 1892 च्या फेब्रुवारीत अटलांटाला ऑबर्नची जॉर्जियाशी पहिली मॅच झाली तेव्हा म्हातारा मास्तर गरुड घेऊन गेला. गरुड सुटला, मैदानावर घिरट्या घालायला लागला, लोक ओरडले, ऑबर्न 10-0 नं जिंकलं. आणि मॅच संपताक्षणी गरुड खाली कोसळून मेला.

वहिनींचा आवाज इथे अगदी हरदासी झाला होता. मी सुद्धा हातातला कढीपत्ता खाली धरला.

"अठ्ठावीस वर्षं," नाना म्हणाले. "पाळलेला गरुड तेवढा जगतो?"

"जगतो की. त्यांची मागची टायगर चौतीस वर्षांची होऊन गेली, 2014 मध्ये."

"मग वय बसतं. मॅच 1892 ची, हेही खरं असेल. पण नेमका शेवटच्या शिट्टीला मेला? हे कुठे छापलंय?"

"कॉलेजच्या पोरांच्याच वर्तमानपत्रात."

"1892 च्या?"

वहिनी जरा घुटमळल्या. "1959 च्या."

नानांनी पेपर पुन्हा वर केला. त्यांच्याकडून निकाल लागला होता. पण मला विचाराल तर गोष्ट छान आहे. आपल्याकडे तरी कुठल्या देवस्थानाची गोष्ट त्याच दिवसाच्या पेपरात छापून आली होती? नाशिकमध्ये राहून हा प्रश्न विचारूच नये. इथून इगतपुरीकडे गेलं की सर्वतीर्थ टाकेदला जटायू कुठे पडला ती जागा दाखवतात, आणि नाना स्वतः दरवर्षी तिथे जातात.

खरा गरुड ऑबर्नला आला तो 1930 मध्ये, आणि त्याची गोष्ट मला जास्त आवडली, कारण त्यात कुणी शहीद होत नाही. नोव्हेंबरात बी हाइव्ह नावाच्या खेड्यात एक सोनेरी गरुड टर्कींच्या कळपावर झडप घालायला उतरला आणि वाटाण्याच्या वेलीत पाय अडकून बसला. शेतकऱ्याची टर्की वाचली, गरुड सापडला. गावातल्या लोकांनी वर्गणी काढून दहा डॉलरला तो विकत घेतला आणि पुढच्या मॅचला नेला. टीम त्या दिवसांत सारखी हरत होती, ती साउथ कॅरोलायनाशी जिंकली. झालं, गरुड शुभ ठरला.

"दहा डॉलर मंदीच्या काळात म्हणजे थोडे नव्हेत," पेपरामागून.

"आणि टर्की?" मी विचारलं. "तिची कुणी पूजा केली नाही? आमिष तर तिचंच होतं."

वहिनींना हे आवडलं नाही. त्या पुढे सरकल्या. तिसरा गरुड 1960 मध्ये कापसाच्या सरीत अडकलेला सापडला. तो चार वर्षांनी एका मॅचच्या आधी पळाला, आणि पुढे जंगलात गोळी घातलेला मिळाला. हे सांगताना त्यांनी आवाज एकदम खाली आणला, जणू गल्लीतल्याच कुणाचं सांगतायत.

"त्या काळी तो साधा पिंजऱ्यातच असायचा. मैदानावर मोकळा सोडायला लागले ते 2000 पासून, तेव्हाची ती म्हातारी टायगर. तीच 2002 मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला उडाली. नंतर नोवा. त्याला 2017 मध्ये हृदयाचं दुखणं निघालं, तो मोसम त्याला उडवलंच नाही. आणि आता ऑरिया, आठवी."

"आणि ही कुठे मिळाली?"

"ही खरी सोडवलेली." इथे वहिनी सावरून उभ्या राहिल्या, मला वाटतं मुद्द्याचं हेच सांगायचं होतं. "सेल्मा म्हणून गाव आहे ना, तिथे मार्टिन ल्यूथर किंग वगैरेंचा मोर्चा निघाला होता…"

"1965," पेपर.

"…त्याच्याजवळ सापडली. उजव्या पंखाला मार. औषधोपचार झाले, पंख बराही झाला, पण पुरता नाही. मैदानाभोवती एकदोन चकरा होतात, पण रानात रोज शिकार शोधत मैलोन् मैल हिंडणं तिला झेपायचं नाही. सोडली तर उपाशी मरेल. म्हणून ठेवली. तिच्या आधीची स्पिरिट होती, पांढऱ्या डोक्याची, ती फ्लोरिडात जखमी सापडलेली. तिची चोचच बिघडलेली. चोच नीट नाही तर गरुड फाडणार काय आणि खाणार काय?"

लेकीची रूममेट तिथल्या पक्ष्यांच्या दवाखान्यात स्वयंसेवक आहे, त्यामुळे वहिनींना आतल्या बातम्या. दवाखाना व्हेटर्नरी कॉलेजचाच, साउथईस्टर्न रॅप्टर सेंटर. घुबडं, ससाणे, बहिरी, गरुड, सगळे शिकारी पक्षी येतात, वर्षाला शेकड्यांनी. कुणी गाडीला धडकलेलं, कुणी विजेच्या तारेवर होरपळलेलं, कुणी घरट्यातून पडलेलं पिल्लू. बरेच बरे होऊन जातात. त्यांना कुणी नाव देत नाही, त्यांच्याशी कुणी लाडं लाडं बोलत नाही, उलट माणसाची सवय लागू नये म्हणून काळजी घेतात. जे जाऊच शकत नाहीत त्यांनाच नावं मिळतात.

हे वहिनींनी अगदी जाता जाता सांगितलं, पण मी तिथेच अडकले. म्हणजे 88 हजार लोक ज्याच्यासाठी उभे राहतात तो दवाखान्याचा हुकलेला पेशंट. जो नीट बरा झाला तो गुपचूप गेला, त्याच्यासाठी कुणी 'हे' सुद्धा म्हटलं नाही.

"तुम्ही पण ना ताई," वहिनी म्हणाल्या. "बरा झालेला गेला हे चांगलंच की. त्याला कशाला हवीय आरोळी?"

"मग हिला हवीय का?"

यावर त्या थांबल्या नाहीत, शिशाकडे वळल्या. मी शहाणपणानं ऐकून घेतलं, कारण हे मलाही ठाऊक नव्हतं. तिकडे हरणाची शिकार करतात. शिकारी हरीण नेतो, आतडी जंगलात टाकून देतो. गोळी शिशाची असते, आत फुटून तिचे कण पसरतात. गरुड ती आतडी खातो आणि शिसं त्याच्या हाडात जाऊन बसतं. 2022 मध्ये 'सायन्स' मासिकात अभ्यास आला, तपासलेल्या गरुडांतल्या जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत वर्षानुवर्षांचं शिसं निघालं. म्हणजे यात गरुडाला कुणी नेम धरून मारत नाही. कुणी हरणाला मारलं की तोही मरतो.

"आपल्याकडे गिधाडांचं असंच झालं," नाना म्हणाले. पेपर आता मांडीवर होता. "गुरांना डायक्लोफिनॅक देत, गुरं मेली की गिधाडं खात, आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरत. 2006 ला बंदी आली, तोवर आकाश रिकामं झालं होतं. हरसूलकडे आता वनखातं त्यांच्यासाठी मेलेली जनावरं नेऊन ठेवतं."

"तिकडे डीडीटी होतं नाना. अंड्यांची टरफलं इतकी पातळ व्हायची की आई बसली की अंडं फुटायचं. 1963 मध्ये मुख्य अमेरिकेत पांढऱ्या डोक्याच्या गरुडाच्या फक्त 417 जोड्या उरल्या होत्या. 1972 ला डीडीटी बंद, 2007 ला धोक्याच्या यादीतून नाव काढलं, आणि आता 71 हजारांवर घरटी करणाऱ्या जोड्या आहेत."

इतकी आकडेमोड वहिनींनी पूर्वी फक्त भिशीची केलेली मी पाहिली आहे.

नानांनीही आपला एक आकडा टाकला. "1782 पासून तो त्यांच्या राजमुद्रेवर बसलाय. पण राष्ट्रीय पक्षी म्हणून कायदा झाला तो आत्ता, 2024 च्या डिसेंबरात. अडीचशे वर्षं सगळे समजून चालले होते, कुणी कागद बघितलाच नव्हता."

"आमच्या सोसायटीच्या कन्व्हेयन्ससारखं," मी म्हटलं. नाना हसले. ते सेक्रेटरी होते.

आणि कायदे तरी किती! गरुडाचं पीस रस्त्यात पडलेलं मिळालं तरी उचलून घरी न्यायचं नाही, गुन्हा आहे. वहिनींनी मैदानाबाहेर काहीतरी तपकिरी उचललं तर लेक किंचाळली. ते कबुतराचं निघालं. परवान्याशिवाय गरुड ठेवता येत नाही, आणि परवाना मिळतो तो लोकांना शिकवण्यासाठी म्हणून, टीमला जिंकवण्यासाठी म्हणून नाही. मेलेल्या गरुडाची पिसंसुद्धा कोलोराडोतल्या सरकारी कोठारात जातात आणि तिथून मूळ रहिवाशांच्या जमातींना विधींसाठी मिळतात. तिथेही म्हणे प्रतीक्षायादी असते, आणि वर्षानुवर्षं थांबावं लागतं. माझ्या वहीत शाळेपासूनचं मोरपीस आहे, त्याचा विचार मनात येऊन गेला. पण आपल्याकडे मोरानं आपणहून गाळलेलं चालतं.

"बरं, ती परत कशी येते?" मी विचारलं. "सुटली ती जाईना का उडून?"

वहिनींनी इकडेतिकडे बघितलं. रूममेटनं हे सांगू नको म्हटलं असावं. "रोज वजन करतात. मॅचच्या दिवशी वजन बरोबर लागतं. जास्त भरलं तर भूक नाही, आणि भूक नाही तर येत नाही. विजेच्या खांबावर बसून राहते. मैदानात मधोमध ती मुलगी उभी असते ना, तिच्याजवळ मांसाचा तुकडा असतो. ते दिसलं की ती उतरते."

"म्हणजे बघा वहिनी," मी म्हटलं. "तुम्ही 88 हजार लोक घसा फोडत होतात ते तिच्या जेवणाच्या वेळेला."

नाना खोकले. त्यांचं हसू असं बाहेर पडतं.

वहिनींना मिरच्या झोंबल्या. "असं कसं म्हणता? तिला कळतं सगळं. इतक्या गर्दीत बरोबर तिथेच उतरते."

"कळतं तर हरतात तेव्हा रुसून का बसत नाही?"

यावर त्यांनी दुसऱ्या टीमचा किस्सा काढला, आणि मला वाटतं तिथे त्या स्वतःच्याच विरुद्ध गेल्या. 2018 च्या डिसेंबरात टेक्सासमध्ये कॉटन बोल नावाची मोठी मॅच होती, नोत्र दाम आणि क्लेम्सनची. राष्ट्रगीताच्या वेळी क्लार्क नावाचा गरुड सोडला. तो सेंट लुईसच्या पक्षिकेंद्रात जन्मलेला, पायाच्या दोषामुळे रानात न सोडलेला. तो ठरल्या जागी उतरलाच नाही. गेला प्रेक्षकांत आणि एका माणसाच्या खांद्यावर बसला, मग दुसऱ्याच्या हातावर. दोघंही नोत्र दामचे. सगळे म्हणाले शुभशकुन. नोत्र दाम 30-3 नं हरलं.

"म्हणजे पक्ष्यानं फसवलं?"

"पक्ष्याला काय माहीत कोण कोणाचा!" वहिनी म्हणाल्या, आणि बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण त्या हार मानणाऱ्यातल्या नाहीत. "आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये बेसबॉलला काय झालं सांगू? मिनेसोटाला राष्ट्रगीत चालू होतं. समोरच्या टीमचा जेम्स पॅक्स्टन उभा होता, हा मूळ कॅनडाचा. गरुड आला आणि थेट त्याच्याकडे गेला. अमेरिकेचा पक्षी, अमेरिकेचं गीत, आणि बसला कॅनडाच्या माणसाच्या खांद्यावर. तो बिचारा जागचा हलला नाही. म्हणाला, पळून काही उपयोग नव्हता, तो माझ्यापेक्षा जोरात जातो. आणि पुढच्या महिन्यात टोरांटोला त्यानं असा बॉल टाकला की समोरच्यांना एकही हिट मिळाला नाही."

"गरुडामुळे?"

"मी कुठे म्हटलं गरुडामुळे?" पण चेहऱ्यावर तेच लिहिलं होतं.

खरं सांगायचं तर मला वहिनींनी सांगितलेल्या काचेच्या गोष्टीनं जास्त त्रास झाला. 2011 मध्ये ऑबर्नलाच स्पिरिट फिरता फिरता वरच्या महागड्या बॉक्सच्या काचेवर जाऊन आदळली. चोच बिघडलेली ती हीच. मग सावरून खाली मैदानात आली. वहिनी म्हणाल्या तिला काही लागलं नाही, आणि पुढे ती कित्येक वर्षं उडत राहिली. असेल. पण ज्या पक्ष्याला जग आपल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतं त्याला काच दिसत नाही, आणि काच त्याच्या वाटेत आली ती सुटीच्या दिवशी थंडगार खोलीत बसून मॅच बघणाऱ्यांसाठी. मी वहिनींना हे बोलले नाही. त्यांनी 250 डॉलर भरले होते.

त्यांना मी एवढंच म्हटलं, की मला कुणी नेलं तर मी शुक्रवारी जाईन. मॅचच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी दवाखान्यापाशी छोट्या उघड्या नाट्यगृहात हेच पक्षी जवळून दाखवतात, घुबड डोक्यावरून आवाज न करता जातं म्हणे. तिथे कोण कशानं जायबंदी झालं ते सांगतात. मैदानात ते सांगता येत नाही, कारण तिथे सगळे 'वॉर' धरून उभे असतात.

"मैदान नसतं तर दवाखान्याला पैसे कुठून आले असते?" वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला तुमच्या जागी बसून बोलायला काय जातं. पोरं गरुड बघतात, मग पक्षी कसे मरतात ते ऐकतात. नुसतं ऐकायला कोण येतं?"

हे मात्र खरं होतं. मी कढीपत्त्याची एक काडी उगीच मोडली.

तेवढ्यात नानांना रोमचं आठवलं. नाना रात्री जागून युरोपातला फुटबॉल बघतात, पायानं खेळतात तो. "लिस्बनला बेनफिकाचा गरुड आहे, व्हितोरिया, मॅचआधी फिरून येऊन त्यांच्या चिन्हावर बसतो. रोमला लाझिओचा होता, ओलिंपिया. तिथे 2025 च्या जानेवारीत गरुडाला नाही, गरुडवाल्यालाच काढला."

"का हो?" आम्ही दोघी एकदम.

"त्यानं आपल्या ऑपरेशनचे फोटो सगळ्यांना बघायला टाकले."

"ऑपरेशनचे फोटो टाकले म्हणून नोकरी गेली? कसलं ऑपरेशन?"

नानांनी पेपर इतका वर केला की फक्त टक्कल दिसत राहिलं. वहिनी लेकीला विचारते म्हणाल्या. मी सांगितलं, नका विचारू.

मग आमच्याच घारीचा विषय निघाला. आत्ता संक्रांतीला आमच्या गल्लीतल्या गुलमोहरावर एक घार नायलॉन मांज्यात अडकली होती. 2017 पासून हा मांजा देशभर बंद आहे, पण नाशिक-येवल्याला संक्रांतीत आभाळात बघितलं तर कुणाला पटणार नाही. ती एका पंखानं उलटी लोंबत होती आणि बाकीच्या घारी वर ओरडत घिरट्या घालत होत्या. खाली तीसेक माणसं, सगळ्यांचे मोबाइल वर. 1926 ला फोन केला, वनखात्याची ती हेल्पलाइन. मग शिडी आली, एका पोरानं गोणपाट टाकून तिला उतरवलं, पंखाच्या मुळाशी मांजा हाडापर्यंत गेलेला. खोक्यात घालून नेली.

"ती बरी झाली का हो?" वहिनींनी विचारलं. त्या तेव्हा तिकडेच होत्या.

"कोण जाणे. बरी झाली असेल तर सोडली असेल."

"कुणी विचारलं नाही?"

"तुमच्या ऑबर्नला ज्यांना नाव नाही त्यांचं कोण विचारतं?"

यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या, आणि वहिनी गप्प बसल्या की काहीतरी शोधत असतात. शोधलं. आवाज खाली, मान कुंपणावरून पुढे.

"तुम्ही एवढं कायद्याचं म्हणता, तर कोपऱ्यावरच्या बंगल्यातला पोपट?"

पोपट सगळ्यांना माहीत आहे. हिरवा, गळ्याशी लाल रेघ, सकाळी सहाला 'विठ्ठल विठ्ठल' आणि दुपारी शेजारच्या कामवालीला शिट्टी. पिंजऱ्यात. आपल्याकडचा पोपट पाळणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, परवाना मिळत नाही, दवाखान्याची सबब नाही आणि मॅचचीही नाही.

"तो काही जखमी नाही," वहिनी म्हणाल्या. "पंख चांगले आहेत. मी बघितलेत. सोडला तर उडेल."

"इतकी वर्षं पिंजऱ्यात राहून? त्याला स्वतःचं खाणं शोधता येईल का, ते आधी वनखात्याच्या माणसाला विचारायला हवं."

"मग विचारा. 1926. नंबर तर तुम्हाला पाठच आहे."

"मी?" मी म्हटलं. "अहो, दरवर्षी मे महिन्यात त्यांच्या देवगडच्या बागेतून आपल्या दोन्ही घरी हापूसची पेटी येते."

वहिनींनी कोपऱ्याकडे बघितलं. नानांनीही पेपराच्या कडेवरून बघितलं.

"पेटी येऊन जाऊ दे," नाना म्हणाले. "जूनमध्ये करू फोन."